सहावं घर

रिकामं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन घोडा अंगठ्यानं अगदी सावकाश मागे ओढला, तर दोन आवाज यायला हवेत. पहिला बारीक, खालची खिट्टी सिलिंडरच्या खाचेत बसल्याचा. दुसरा जरा भारी, घोडा पूर्ण चढून अडकल्याचा. बारीक आवाज आधी आणि भारी नंतर, निदान दोन्ही एकदम. भारी आवाज आधी आला आणि खिट्टी अजून बसलेलीच नसली, तर घोडा चढला पण सिलिंडर जागेवर पोचलं नाही असा त्याचा अर्थ. ते घर, म्हणजे सिलिंडरमधलं काडतूस बसायचं भोक, नळीच्या नीट समोर नाही. अशा वेळी गोळी सुटली तर ती नळीच्या तोंडाच्या कडेला घासत आत शिरते. शिशाची कपची फटीतून बाजूला उडते, कधी उडवणाऱ्याच्या हाताला लागते, कधी शेजारी उभ्या माणसाला.

ही तपासणी कारखान्यातल्या शेवटच्या बाकावर व्हायला हवी. आज ती अनेकदा गिऱ्हाइकाच्या हातात पहिल्यांदा होते. नवीकोरी, डब्यातून काढलेली रिव्हॉल्व्हरं सहापैकी एका घराला उशिरा बसतात, नळी पाव अंश तिरकी बसलेली असते, घरांच्या तोंडांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. जगभर नाव असलेल्या कारखान्यांच्या मालातही हे दिसतं. पोलाद बिघडलं का? नाही. यंत्रं बिघडली का? तीही नाही. आजचं पोलाद शंभर वर्षांपूर्वीच्या पोलादापेक्षा एकसारखं असतं, त्याला पाणी देण्याची पद्धत जास्त भरवशाची आहे, आणि संगणकावर चालणारं यंत्र हजारावा भागही पहिल्यासारखाच कापतं. सुटा भाग घेतला तर तो आजोबांच्या काळातल्या भागापेक्षा अचूक निघतो. जोडलेलं हत्यार मात्र तसं निघत नाही. मला या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण कमी झालंय ते नेमकं काय, हे तिच्यातून कळतं.

पिस्तुलात गोळी ज्या घरात फुटते ते घर नळीचाच भाग असतं. घर आणि नळी एकाच धातूत, एकाच रेषेत कापलेली. रिव्हॉल्व्हरात सहा घरं वेगळी आणि नळी वेगळी. दर चापाला एक घर फिरून नळीसमोर यायचं, क्षणभर घट्ट थांबायचं आणि पुन्हा सुटायचं. हे जमवायला फ्रेम, सिलिंडर ज्यावर फिरतं तो दांडा, सिलिंडरच्या मागची सहा दात्यांची चकती, तिला ढकलणारी पट्टी म्हणजे हँड, खाली थांबवणारी खिट्टी आणि समोर नळी, एवढे भाग एका साखळीत बसतात. प्रत्येक भागाला 0.05 मिलिमीटर इकडेतिकडे व्हायची मुभा दिली आणि पाच भाग योगायोगानं एकाच बाजूला सरकले, तर बेरीज 0.25 होते. सिलिंडर आणि नळी यांच्यातली सगळी फटच मुळी 0.15 च्या आसपास असायला हवी. प्रत्येक भाग तपासणीत पास आणि सगळे मिळून नापास, असं यात सहज घडतं.

विदर्भात ज्यांनी लाकडी बंडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवताना पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुंबा, आरे, पुठ्ठे सुतार करून देई. धाव लोहाराची. पण लोहार धाव मापाच्या पुस्तकातून कापत नसे. समोर पडलेल्या त्या एका चाकाचा घेर तो घेई आणि पट्टी त्याहून किंचित आखूड जोडी. गोवऱ्यांच्या आरात ती लाल तापवली की फुगते, चिमट्यांनी उचलून चाकावर बसते, वरून पाणी पडलं की चुरचुरत आवळते आणि सगळे सांधे आत दाबून धरते. आखूडपणा थोडा जास्त झाला तर आरे वाकतात. कमी पडला तर मे महिन्याच्या उन्हात लाकूड सुकतं आणि धाव खुळखुळायला लागते. बाभळीचं लाकूड किती ओलं आहे, पुठ्ठ्यांच्या सांध्यांत किती फट उरली आहे, हे पाहून लोहार त्या चाकापुरता निर्णय घ्यायचा. शेजारच्या बंडीची धाव या चाकाला चालत नसे. तशी अपेक्षाही कुणी करत नसे.

रिव्हॉल्व्हर अशाच रीतीनं बनत आलं. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीचं .38 मिलिटरी अँड पोलीस हे रिव्हॉल्व्हर 1899 सालचं. त्या घराण्यातली रिव्हॉल्व्हरं लाखांच्या संख्येनं निघाली, म्हणजे तो काही हौशी कारागिरीचा माल नव्हता, कारखान्याचाच होता. तरी शेवटी प्रत्येक नग एका फिटरच्या शिकंज्यात जायचा. तो हँड किंचित जाड ठेवायचा आणि सिलिंडर एकेक घर फिरवत मागच्या चकतीचा प्रत्येक दात कानसेनं त्या हँडला जुळवायचा. सहा दात, सहा वेळा पाहणं. एखादा दात जरा मागे असला तर तिथं कानस थांबायची, पुढे असला तर दोन घासे जास्त. नळी फ्रेममध्ये पिळताना नळीचा खांदा थोडाथोडा उतरवून तिच्यावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, बरोबर बाराच्या काट्यावर आणायची, मग आडवी पिन ठोकायची. ती पिन 1982 च्या सुमाराला बंद झाली. 1935 साली .357 मॅग्नम आलं, तेव्हाची पहिली रिव्हॉल्व्हरं तर गिऱ्हाइकागणिक नोंद करून, मागणीबरहुकूम जुळवून दिली जात. कोल्टचं पायथन 1955 सालचं. चाप पूर्ण दाबला असताना त्याचं सिलिंडर तिळभरही हलत नसे, ते याच हातजुळणीमुळे. त्याच जुळणीमुळे ते नाजूकही होतं. हँड झिजला की पुन्हा जाणत्या हाताकडेच न्यावं लागे.

हे थांबलं कसं? 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हर ठेवून पिस्तूल उचलायला सुरुवात केली. ग्लॉक 17 हे 1982 चं. त्या साच्यातल्या पिस्तुलाला हातजुळणी जवळजवळ लागत नाही. भाग उचला, बसवा, चालतं. मोठा, कायमचा गिऱ्हाईक गेला की कारखान्याचा हिशेब बदलतो. स्मिथ अँड वेसनची मालकी 1965, 1984, 1987 आणि 2001 अशी हातोहात फिरली. फिटर तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तो निवृत्त झाला की त्याच्या हाताखाली नवा माणूस ठेवण्याचा खर्च ताळेबंदात सगळ्यात आधी डोळ्यावर येतो. मग सुटे भाग इतके अचूक करायचे की जुळवायला माणूस लागूच नये, असं ठरलं. ठरवणं चूक नव्हतं. अर्धवट उतरलं, एवढंच. पिस्तुलाचा आराखडा त्या रीतीसाठी काढलेला होता. रिव्हॉल्व्हरचा आराखडा शंभर वर्षांपूर्वी कानस गृहीत धरून काढलेला होता.

लोक सगळा राग साच्यातल्या भागांवर काढतात. एमआयएम, म्हणजे मेटल इंजेक्शन मोल्डिंग, हे नाव घेतलं की जुने शौकीन तोंड वाकडं करतात. ती रीत अशी: पोलादाची अगदी बारीक भुकटी मेणासारख्या किंवा प्लास्टिकच्या बांधणीत मळायची, साच्यात दाबून भरायची, मग बांधणी काढून टाकायची आणि भट्टीत इतकं तापवायचं की भुकटीचे कण एकमेकांना चिकटतील. या तापण्यात भाग सुमारे 15 ते 20 टक्के आक्रसतो आणि शेवटी भरीव पोलादाच्या 95 ते 98 टक्के घनतेचा उरतो. साचा आणि भट्टी नीट असेल तर असा घोडा किंवा चाप आयुष्यभर चालतो. स्मिथ अँड वेसनमध्ये हे भाग 1990 च्या दशकात आले. ओळखायची खूण सोपी आहे, चापाची मागची बाजू पोकळ दिसते. बिघाड होतो तो भट्टीत घाई झाली तर. आत पोकळी राहते आणि भाग एके दिवशी कोरडा तुटतो, वाकत नाही. घडीव भाग तुटण्याआधी बहुतेक वेळा वाकून इशारा देतो. दुसरी अडचण अशी की असे भाग बरेचदा वरून कडक केलेले असतात. त्या पातळ थराखाली कानस गेली की भाग खराब होतो, म्हणून पुढे गावातला कारागीर त्याला जुळवू शकत नाही, बदलूच शकतो. शहाणा कारखाना हे जाणून भाग आधीच जुळता करतो. रुगर या अमेरिकी कंपनीनं ओतीव फ्रेमची रिव्हॉल्व्हरं अनेक दशकं केली आणि ती दणकट म्हणूनच ओळखली गेली, कारण आराखडाच ओतीव धातू धरून काढला होता, जिथं हवा तिथं धातू जाड ठेवला होता.

माझी खरी तक्रार नळीबद्दल आहे. पिन गेल्यावर नळी जोर लावून पिळून बसवायची पद्धत उरली. खांदा हातानं उतरवला नाही तर दोनच वाटा राहतात. माशी बाराच्या काट्याच्या अलीकडे थांबू द्यायची, नाहीतर आणखी जोर लावायचा. पहिल्या वाटेनं नळी तिरकी बसते आणि नेम कायम एका बाजूला जातो. दुसऱ्या वाटेनं फ्रेमच्या आतल्या आट्यांपाशी नळीचं भोक आवळलं जातं. ते डोळ्याला दिसत नाही. कारागीर मऊ शिशाची गोळी सळीनं नळीतून ढकलून पाहतो, तेव्हा मधे ती एकदम जड जाते आणि पुढे पुन्हा सैल होते. प्रत्येक गोळी त्या अरुंद जागी पिळली जाते आणि पुढच्या रुंद नळीत सैल होऊन जाते. मग शिसं नळीला लिंपतं आणि नेम पसरतो. मालक तेलाला, काडतुसाला, स्वतःच्या हाताला दोष देत राहतो.

घरांच्या तोंडांचंही असंच. .32 म्हणतात, पण त्या काडतुसाच्या गोळीचा व्यास .312 ते .314 इंच असतो. घराचं पुढचं तोंड त्याहून अरुंद असलं तर गोळी तिथंच आवळली जाते. सहा तोंडं सहा मापांची असली तर सहा गोळ्या सहा ठिकाणी जातात. रीमर, म्हणजे घराचं भोक मापात कापणारं हत्यार, झिजल्यावर बदलायचा कधी, हा इथला सगळा प्रश्न. वेळेवर बदलणारा माणूस हवा, आणि कुणीतरी प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची गोल सळी, घालून पाहायला हवं. झिलईबद्दल एकच सांगतो. खोल निळी झिलई आरशासारख्या घासलेल्या पोलादावरच चढते, तिथं हत्याराचा एकही ओरखडा लपत नाही. वाळू मारून केलेली मळकी काळी झिलई सगळं झाकते. ती वाईट असतेच असं नाही, पण तिच्याखाली काय आहे ते डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं.

आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर मुख्यतः .32 चं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं जुनं रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क 4 च्या घडणीवर आहे, मधून मोडून उघडणारं. 2014 साली निर्भीक आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, साधारण 500 ग्रॅमचं. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. कानपूरचा हा कारखाना त्यातल्या एकीत गेला, आणि आपल्या अंबाझरीची निर्माणी दुसरीत. 2023 च्या ऑगस्टमध्ये कानपूरहून प्रबल आलं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. म्हणजे आज एकाच तालुक्यात दोन वेगळ्या घडणीची हत्यारं दिसू शकतात, आणि त्यांची दुखणी वेगळी आहेत. मोडून उघडणाऱ्यात झीज बिजागरी आणि वरच्या कडीत होते. बंद करून एका हातानं मूठ, दुसऱ्यानं नळी धरून वरखाली हलवून पाहावं. टकटक जाणवली तर दर गोळीला नळी थोडी उचलली जाणार. बाजूला उघडणाऱ्यात सिलिंडर ज्यावर लटकतं तो आकडा वाकतो, आणि तो वाकतो बहुतेक वेळा सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्यानं बंद केल्यामुळे. दोन्ही हातांनी, अंगठ्यानं दाबून बंद करावं.

गावाकडच्या परवानाधारकाची अडचण वेगळीच आहे. तूर-कपाशीच्या वावरात रानडुक्कर आणि रोही शिरतात, पण रिव्हॉल्व्हर त्या कामाचं नाही. ते घेतलं जातं जिवाच्या भीतीपोटी, रात्रीच्या रस्त्यासाठी, रोख रक्कम नेण्यासाठी. घेतलं की कपाटात जातं. काडतुसं मोजकी आणि महाग, सराव करायला मैदान जिल्ह्याच्या ठिकाणी असलं तर असलं. परदेशातला गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात दोनशे गोळ्या उडवून दोष शोधतो आणि कारखान्याला परत पाठवतो. कारखान्यांनी शेवटचा बाक काढून टाकण्याचं धाडस केलं, त्यामागे असा गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे तो नाही. परवान्यावर नोंद झाली की ते हत्यार परत करणं सोपं राहत नाही, आणि उशिरा बसणारं घर पहिल्यांदा कळतं ते ज्या दिवशी हत्यार खरंच लागतं त्या दिवशी. म्हणून दुकानातल्या काउंटरवरची पंधरा मिनिटं फार मोलाची.

खिशात फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, असू द्यावा. ट्रॅक्टरच्या टॅपेटला लावतात तोच, पुसून स्वच्छ केलेला. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं डोळ्यांनी आणि बोटानं रिकामी पाहावीत, मग दुकानदाराची परवानगी घ्यावी. बंद करून सिलिंडर आणि नळीच्या फटीत पट्टी सरकवावी, जोर न लावता. 0.10 ते 0.20 मिलिमीटर चांगलं. 0.25 च्या वर गेलं तर दुसरा नग मागावा. 0.05 च्या आसपास असलं तर दिसायला सुबक दिसतं, पण दहा-बारा गोळ्यांनी काजळी धरली की सिलिंडर अडतं. आता सिलिंडर बोटानं पुढे रेटून मोजावं, मग मागे रेटून. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढेमागे हालचाल. 0.08 पर्यंत ठीक, 0.12 च्या पुढे नको. घोडा चढवून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, मागून अंगठ्यानं बेताचा दाब द्यावा. घोडा सटकून पडला तर ते हत्यार ठेवून द्यावं, कितीही स्वस्त असलं तरी. नळीकडून पाहून माशी सरळ आहे का ते फ्रेमच्या वरच्या पट्टीशी ताडून बघावं. चाप साध्या स्प्रिंगच्या काट्यानं मोजता येतो. घोडा चढवलेला असताना दीड ते दोन किलो, न चढवता पाच ते साडेसहा. फार हलका लागला तर खूश होऊ नये. मुठीखालच्या स्प्रिंगचा स्क्रू कुणी सैल केला असेल, आणि मग घोडा काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर हलका पडतो, काडतूस फुटत नाही.

घरांची तोंडं आणि नळीचं भोक काउंटरवर मोजता येत नाही. त्यासाठी परवाना असलेल्या गनस्मिथकडेच जावं. गावातल्या लेथवर हत्यार नेऊ नये, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. कायद्याची गोष्ट आहेच, आणि कडक थरावर चुकीचा एक घासा गेला तर भाग वाया.

घरी आणल्यावर पहिला घोळ तेलाचा होतो. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे दहा अंश उतरतात, तेव्हा आतल्या स्प्रिंगा पांढऱ्या चरबीत रुतलेल्या असतात. जवसाचं तेल त्याहून वाईट. ते हवेनं वाळून वार्निशासारखं घट्ट होतं, खिट्टी खाली बसते ती वर येत नाही. नव्या हत्यारात दोष आहे म्हणून आणलेल्या कित्येक तक्रारींचं मूळ या घट्ट तेलात असतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिलाई मशीनचं पातळ तेल पुरतं, तेही थेंबभर. जास्त घातलं तर कापसाचे तंतू आणि धूळ मिळून आत चिखल होतो. बार झाल्यावर पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे ठेवावी, नाहीतर न जळलेली दारू पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या मागच्या चांदणीखाली अडकते आणि सिलिंडर जड फिरतं. टूथब्रशनं चांदणीखालची जागा पुसली की बहुतेक वेळा ते सुटतं.

चामड्याच्या पाकिटात हत्यार कधीच ठेवून देऊ नये. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि पावसाळ्याची ओल मिळून झिलईखाली बारीक खड्डे पाडतात, आणि ओल घरांच्या आतही पोचते, जिथं कुणी पाहत नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा करायची वेळ आली तर पाकीट घरी ठेवावं, हत्याराला तेलाचा हात फिरवावा, सुती कापडात गुंडाळून द्यावं. परत मिळालं की घरी नेण्याआधी तिथंच उघडून सहाही घरांत उजेड पाडून पाहावं.

आणि दुकानात घोडा सावकाश चढवून ते दोन आवाज ऐकायचं काम सहाही घरांना करावं. सिलिंडरला बोटाचा हलका अटकाव ठेवायचा, म्हणजे ते आपल्या वेगानं पुढे धावून दोष झाकत नाही. आधी एका घराला खडूची खूण करून घ्यावी, मग मोजणी चुकत नाही. बहुतेक लोक तीन-चार घरं पाहून समाधान मानतात, दुकानदारही तोवर घड्याळाकडे बघायला लागलेला असतो. मागच्या चकतीचा एकच दात आखूड असला तर पाच घरं अगदी घड्याळासारखी बसतात आणि उशीर फक्त एका घराला होतो. ते खूण केलेल्या घरापासून कितवं येईल, हे आधी कुणालाच माहीत नसतं.